जागेपणी श्वासनलिकेत नळी घालताना घसा बधिर कसा करतात? माणूस ते सहन कसं करतो?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या जबड्याला रेडिएशन झालंय, तोंड जेमतेम एक बोट उघडतं, आणि भूलतज्ज्ञ म्हणाले की नळी आधी जागेपणीच नाकातून घालू, पूर्ण भूल नंतर देऊ. घशात इंजेक्शनं देणार का, आणि हे सगळं त्यांना सोसेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि हे काम नेहमी करतो. वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा.

जागेपणी का, ते आधी सांगतो. पूर्ण भूल दिली की घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, श्वास मंदावतो किंवा थांबतो. एरवी आम्ही तोंड उघडून लगेच नळी घालतो. इथे तोंडच उघडत नाही, म्हणजे श्वास थांबवून बसायचं आणि मग वाट शोधायची. जागा माणूस स्वतःचा श्वास स्वतः घेत असतो, म्हणून आम्हाला घाई करावी लागत नाही. 1878 साली ग्लासगोला विल्यम मॅक्युएन यांनी एका रुग्णाच्या तोंडातून, नुसत्या बोटाच्या अंदाजाने, अशी नळी घातली होती. रुग्ण पूर्ण जागा. घसा बधिर करायचं औषधच तेव्हा हाताशी नव्हतं. कोकेनने डोळा बधिर होतो हे कार्ल कोलर यांनी दाखवलं ते 1884 मध्ये. त्या रुग्णाने काय सोसलं असेल याचा विचार मी बऱ्याचदा करतो.

आता बधिर करण्याबद्दल. नाकापासून श्वासनलिकेपर्यंतच्या वाटेवर संवेदना नेणाऱ्या नसा वेगवेगळ्या आहेत. नाकाची जबाबदारी मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेकडे. जिभेचा मागचा भाग आणि टाळूच्या कमानी नवव्या नसेकडे, ओकारी येते ती तिच्यामुळे. स्वरयंत्र आणि त्याच्या खालचा भाग दहावीच्या दोन शाखांकडे, ठसका लागतो तो त्यांच्यामुळे. म्हणजे ओकारी थांबली म्हणून ठसका थांबेल असं नाही. प्रत्येक टप्पा वेगळा बधिर करावा लागतो.

पण त्याही आधीचं काम म्हणजे घसा कोरडा करणं. लाळेने ओल्या घशावर औषध मारलं तर ते लाळेत मिसळून पोटात जातं, घशाच्या आतल्या अस्तराला लागतच नाही. म्हणून ग्लायकोपायरोलेटचं छोटं इंजेक्शन आधी देतात आणि थांबतात. तोंड सुकायला वीसेक मिनिटं तरी जातात. ही वीस मिनिटं वाचवायचा मोह सगळ्यांना होतो.

नाकासाठी आधी झायलोमेटॅझोलिनचे थेंब, सर्दीत नाक मोकळं करायला घालतात तेच. इथे त्यांचं काम रक्तवाहिन्या आकसवायचं, म्हणजे नळी जाताना रक्त कमी येतं. नळी ज्या बारीक, वाकणाऱ्या दुर्बिणीवरून आत सरकवतात, तिच्यापुढे रक्त आलं तर सगळं लाल होतं आणि अर्धी बाजी तिथेच हरते. मग लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, जेलच्या किंवा फवाऱ्याच्या रूपात. काही सेकंद झोंबतं, घशात उतरलं की कडू लागतं.

शिकत असताना मी ते स्वतःच्या घशावर मारून पाहिलं होतं. कडूपणाचं काही नाही, पण मिनिटाभराने असं वाटलं की घसा सुजून बंद झालाय आणि गिळताच येत नाही. प्रत्यक्षात गिळणं चालू होतं, फक्त ते जाणवत नव्हतं. रुग्ण घाबरतात ते बहुधा या क्षणाला. वडिलांना हे आधीच सांगून ठेवा: घसा भरल्यासारखा वाटला म्हणजे श्वास बंद होतोय असं नाही, औषध लागू पडतंय.

स्वरयंत्रापर्यंत औषध पोहोचवायच्या वाटा अनेक. नेब्युलायझरमधून चार टक्क्यांचं लिग्नोकेन ओढायला देतात. रुग्णाला ते सगळ्यात सोपं, पण बरंच औषध हवेत जातं; माझ्या मते नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नये. मला आवडते ती पद्धत म्हणजे पुढे जात जात फवारणं. दुर्बिणीच्या पोकळ वाहिनीतून बारीक नळी सरकवायची, स्वरतंतू दिसले की त्यांच्यावर मिलिलिटर-दोन मिलिलिटर औषध सोडायचं, थांबायचं, मग तंतूंच्या पलीकडे पुन्हा. पहिल्या फवाऱ्याला तंतू फडफडतात, रुग्ण खोकतो. दुसऱ्याला ते शांत उघडे राहिलेले दिसले की समजावं, वाट मोकळी.

तुम्ही विचारलेलं घशातलं इंजेक्शनही असतं. कंठमण्याच्या खाली, दोन कूर्चांच्या मध्ये पातळ पडदा असतो. त्यातून सुई आत घालून हवा ओढून खात्री करायची, श्वास सोडून झाला की चार टक्क्यांचं दोन-तीन मिलिलिटर औषध झटकन सोडायचं आणि सुई काढायची. रुग्ण जोरात खोकतो आणि तो खोकलाच औषध वरपर्यंत पसरवतो. दोन सेकंदांचं काम, परिणाम सुरेख. तरीही तुमच्या वडिलांसाठी मी ते बहुधा निवडणार नाही. रेडिएशन मानेपर्यंत पोहोचलं असेल तर मान लाकडासारखी घट्ट होते, बोटाला तो पडदा नीट लागत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा तिथे गाठ असेल तरही नको. बाकीचे ब्लॉक, म्हणजे जिभेखालच्या हायॉईड हाडाच्या टोकाशी किंवा टाळूच्या कमानीत दिलेली इंजेक्शनं, मी आता क्वचितच देतो. कमानीतल्यासाठी तोंड उघडायला हवं, आणि त्या जागेजवळून मेंदूकडे जाणारी मोठी कॅरोटिड रक्तवाहिनी जाते.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. लिग्नोकेन घशाच्या आतल्या अस्तरातून रक्तात उतरतं. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या मार्गदर्शनानुसार एकूण मात्रा चरबी वगळून धरलेल्या वजनाच्या किलोमागे 9 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. साठ किलोला हे 540 मिलिग्रॅम होतात. ऐकायला भरपूर वाटतं, पण चार टक्क्यांच्या एका मिलिलिटरमध्येच 40 मिलिग्रॅम असतात आणि दहा टक्क्यांच्या फवाऱ्याच्या एका दाबात 10. जेल, फवारा, नेब्युलायझर असं सगळं मोजत जावं लागतं. मात्रा जास्त झाली तर ओठांभोवती मुंग्या येतात, कानात आवाज येतो, पुढे झटके येऊ शकतात. म्हणून ‘कानात काही वाजतंय का’ असं डॉक्टरांनी मध्येच विचारलं तर ते गप्पा मारत नसतात.

थोडी गुंगीही देतात, रेमिफेंटानिल किंवा डेक्समेडेटोमिडिनसारख्या औषधाने, आणि नाकातून ऑक्सिजन चालू असतो. गुंगी ही बधिरपणाची भरपाई नव्हे. घसा नीट बधिर झाला नाही म्हणून गुंगी वाढवत नेली की श्वास मंदावतो, आणि ज्यासाठी जागं ठेवलं तेच हातचं जातं.

एक कबुली. शिकाऊ असताना मी एकदा फवारा मारून लगेच दुर्बीण पुढे नेली. पुढची केस वाट पाहत होती. रुग्णाला जोराची ओकारी आली आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. वरिष्ठांनी दुर्बीण माझ्या हातातून काढून घेतली, रुग्णाला बसवून डोळ्यांतलं पाणी टिपलं आणि मला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लावलं. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग त्याच रुग्णाच्या घशात नळी गेली आणि त्यांना साधा ठसकाही लागला नाही. औषध तेच होतं, मात्राही वाढवली नव्हती. तेव्हापासून मी आधी लाळ ओढून घेणाऱ्या मऊ सक्शन नळीच्या टोकाने घशाच्या मागच्या भिंतीला स्पर्श करून बघतो. ओकारी आली तर अजून थांबायचं.

नळी गेल्यावर दुर्बिणीतून श्वासनलिकेच्या कड्या आणि पुढचा फाटा दिसतो, मॉनिटरवर सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट उमटते. दोन्ही पटलं की मगच पूर्ण भूल. वडिलांना त्यानंतरचं काही कळणार नाही, आणि गुंगीमुळे आधीचंही कदाचित धूसर आठवेल. एक अपवाद सांगायला हवा: श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर वाट आधीच अरुंद असते आणि नुसत्या फवाऱ्यानेही ती पूर्ण बंद होऊ शकते. असा आवाज येत असेल तर ते आजच कळवा.

आणि एक काम घरीच करता येईल. त्यांना एकेक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीतून श्वास घ्यायला सांगा. कुठली बाजू जास्त मोकळी आहे, नाकातून पूर्वी कधी रक्त आलंय का, आणि रक्त पातळ करायची कुठली गोळी चालू आहे, हे कागदावर लिहून भूलतज्ज्ञांच्या हातात द्या.