एफएसएच नॉर्मल, तरी डॉक्टरांचं समाधान का नाही?

प्रश्न : वय ३७. पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. एफएसएच (स्त्रीबीज वाढवणारं संप्रेरक) ६.२ आलं, रिपोर्टमध्ये ते नॉर्मल आहे. एस्ट्रॅडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन) मात्र ११०. डॉक्टर म्हणाल्या, या एफएसएचवर विसंबू नका. असं का? – एक वाचक, वाशी

उत्तर : आधी ११० च्या पुढचं एकक बघा. काही लॅब पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर छापतात, काही पिकोमोल प्रति लिटर. पिकोमोल असेल तर ३.६७ ने भागा. ३० येतील आणि काळजीचं कारण उरणार नाही. पिकोग्रॅम असेल तर डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा आकडा साधारण ८० च्या आत हवा.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस या भागात जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडणाऱ्या पेशी असतात. माणसात त्या जेमतेम एक-दोन हजार, त्याही विखुरलेल्या. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात दर ६० ते ९० मिनिटांनी त्या हे संप्रेरक थोडं थोडं सोडतात आणि त्यावर पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच (स्त्रीबीज बाहेर पडायला लावणारं संप्रेरक) सोडते. गंमत म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य रिसेप्टर (संप्रेरकाचा संदेश घेणारं प्रथिन), अल्फा, या पेशींत नसतोच. तो असतो शेजारच्या किसपेप्टिन पेशींत, म्हणजे त्यांना चेतवणारं किसपेप्टिन सोडणाऱ्या पेशींत. याच पेशी न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिनही बनवतात : पहिलं जीएनआरएचचा झटका सुरू करतं, दुसरं थांबवतं. इस्ट्रोजेन या पेशींना दाबतं, पिट्युटरीलाही थेट आवरतं, आणि एफएसएच उतरतं. म्हणजे तुमचं ६.२ हे दाबाखालचं ६.२ आहे; दाब नसता तर ते जास्त आलं असतं.

दाब कुठून आला? मागच्या पाळीतली गाठ अंडाशयात राहिली असेल, किंवा वयानुसार फॉलिकल (स्त्रीबीजाची पिशवी) पाळी येण्याआधीच वाढू लागलं असेल. त्याच दिवसांत सोनोग्राफी करून गाठ आणि लहान फॉलिकलची संख्या बघून घ्या. एएमएच (स्त्रीबीजांच्या शिल्लक साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कुठल्याही दिवशी चालतं. पुढच्या पाळीत एफएसएच आणि एस्ट्रॅडिऑल पुन्हा करा, पण दोन्ही एकाच नमुन्यातून. पैसे वाचवायला नुसतं एफएसएच करण्यात अर्थ नाही.

आणखी एक. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? लॅबची तपासणी-पद्धतच बायोटिनवर चालत असेल, तर गोळीमुळे एस्ट्रॅडिऑल खोटं वर आणि एफएसएच खोटं खाली जातं, नेमका तुमच्या रिपोर्टसारखा जोड. रक्त देण्याआधी किमान ३ दिवस गोळी बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

प्रश्न : बारावीला जीवशास्त्र शिकवते. इस्ट्रोजेन दाबतं, तर ते सर्वाधिक असतानाच एलएच उसळतं कसं? – शिक्षिका, नौपाडा

उत्तर : पातळी आणि मुदत, दोन्ही लागतात. एस्ट्रॅडिऑल २०० पिकोग्रॅमच्या वर सुमारे दोन दिवस टिकलं की परिणाम उलटतो. उंदरांत यासाठी किसपेप्टिन पेशींचा वेगळा गट आहे. त्याला इस्ट्रोजेन दाबत नाही, चेतवतं. तीच आकृती माणसाची म्हणून फळ्यावर काढू नका. शास्त्रज्ञ नोबिल यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत जीएनआरएचचे झटके तासाला एक, असे न बदलता ठेवले, तरी इस्ट्रोजेन वाढताच पिट्युटरीतून एलएच उसळलं. म्हणजे बराचसा बदल पिट्युटरीच्या संवेदनशीलतेत होतो. झटक्यांऐवजी जीएनआरएच सतत दिलं तेव्हा मात्र एलएच, एफएसएच दोन्ही बसले. पाळीची संप्रेरकं दाबणारी ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं याच तत्त्वावर चालतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्रास वाढतो तो यामुळेच : आधी उसळी, मग शांतता.

प्रश्न : डॉक्टरांनी लेट्रोझोल दिली. नेटवर वाचलं की तिच्यावर बंदी आहे, आणि ती इस्ट्रोजेन कमी करते. मग स्त्रीबीज वाढेल कसं? – एक दांपत्य, घोडबंदर रोड

उत्तर : वंध्यत्वासाठीच्या वापरावरची २०११ ची बंदी २०१७ मध्ये उठली. इस्ट्रोजेन कमी झालं की वर सांगितलेला दाब सुटतो, एफएसएच वाढतं, फॉलिकल वाढतं. सहसा २.५ मिलिग्रॅम, पाळीच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत. गोळी काही दिवसांत शरीराबाहेर जाते, त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर क्लोमिफेनइतकं (याच कामाची जुनी गोळी) पातळ राहत नाही. गरोदर नाही याची खात्री करूनच सुरू करा.

प्रश्न : वय ५१, पाळी गेली. अंगातून वाफा निघतात. घरचे म्हणतात, ठाण्याचा उकाडाच असा आहे. – गृहिणी, कळवा

उत्तर : उकाडा पंख्याखाली बसल्यावर कमी होतो. वाफ छातीतून चेहऱ्यावर चढते, काही मिनिटं टिकते, घाम फुटतो आणि मागोमाग कधी हुडहुडी भरते. जानेवारीच्या पहाटेही येते. इस्ट्रोजेनचा लगाम सुटल्यामुळे त्याच किसपेप्टिन पेशी आकाराने मोठ्या होतात, आणि त्यांच्यातलं न्यूरोकायनिन-बी शेजारच्या तापमान-केंद्राला चाळवतं. इस्ट्रोजेन दिल्यास बहुतेकींना चांगला आराम पडतो. गर्भाशय काढलेलं नसेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. न्यूरोकायनिनचा रिसेप्टर अडवणाऱ्या फेझोलिनेटंटला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ४५ मिलिग्रॅम रोज एकदा. यकृताला इजा होऊ शकते, म्हणून सुरू करण्याआधी आणि पहिले तीन महिने दरमहा यकृताची रक्ततपासणी करावी लागते, मग सहाव्या आणि नवव्या महिन्यात.