एप्रिलमध्ये सासू-सासरे येताहेत, त्यांना कुठे कुठे नेऊ?

नेदरलँड्समधल्या उत्रेख्तहून एका लेकीचं पत्र आलंय. माहेर शिरपूरकडचं, सासर चोपड्याकडचं, घरी केळीची शेती. मुलं नऊ आणि पाच वर्षांची. सासू-सासरे पहिल्यांदाच परदेशात येताहेत, दोन महिन्यांसाठी. तिनं प्रत्येक शनिवार-रविवारची यादी केलीय: ट्युलिपची मोठी बाग, पॅरिस, ब्रसेल्स, थीम पार्क, समुद्र. शेवटी विचारलंय, ‘यातलं काय राहिलं तर त्यांना वाईट वाटेल?’

ताई, पॅरिस, ब्रसेल्स आणि थीम पार्क राहिलं तर त्यांना मुळीच वाईट वाटणार नाही. बाकीच्या यादीबद्दल मात्र सविस्तर बोलू या.

आधी घराजवळची एक जागा धरा. कालव्याकाठचा बाक असेल, कोपऱ्यावरचं एखादं झाड असेल. आजी-आजोबा आणि मुलं, सगळ्यांनी आठवड्यातून दोनदा तरी तिथेच जायचं. आमच्या अमळनेरच्या अंगणात कडुनिंब आहे. फाल्गुनात त्याचा पाला झडतो, पाडव्याला तांबूस कोवळी पालवी हाताशी येते, मग मोहराचा वास सगळ्या गल्लीत पसरतो आणि पुढे निंबोळ्या. झाड रोज डोळ्यांसमोर होतं म्हणून हे कळलं. दर रविवारी नव्या गावाला जाणाऱ्या मुलाला फुलं दिसतात, पण ऋतू पुढे सरकताना दिसत नाही. तुमच्याकडे मार्चमध्ये पिवळे नार्सिसस, एप्रिलच्या मध्याला ट्युलिप, मग फळझाडांचा मोहर, असा सुंदर क्रम आहे. तो एकाच वाटेवर बघू द्या.

आणखी एक. चैत्रात आमच्याकडे नऊ वाजले की ‘ऊन व्हयी गयं, घरमा चला’ म्हणून हाक येते. ऊन टाळायचं असतं, हे सासूबाईंच्या अंगात मुरलेलं आहे. तुमच्याकडे ऊन गाठायचं असतं. त्या पडदे ओढून बसल्या तर समजून घ्या, आणि दुपारी दोनला हाताला धरून बाहेर काढा. अंगात स्वेटर, कानाला रुमाल हवाच.

ट्युलिप बघायला कॉइकेनहोफला एकदा जा, तेही कामाच्या दिवशी, गर्दी कमी असताना. ती बाग 1950 पासून लोकांसाठी खुली आहे आणि वर्षातले जेमतेम आठ आठवडेच उघडी असते. दर शरदात तिथे सुमारे 70 लाख कंद हातानं लावतात. हा आकडा सासऱ्यांना आवर्जून सांगा. ज्यानं केळीचे कंद लावलेत, त्याला त्यामागची मेहनत लगेच समजेल.

पण त्यांच्यासाठी खरी सहल बेतुवेची. उत्रेख्तच्या दक्षिणेला, टीलच्या आसपास सफरचंद आणि नाशपातीच्या बागा आहेत, एप्रिलच्या उत्तरार्धात पांढऱ्या-गुलाबी मोहरानं भरलेल्या. तिथल्या बांधावरून नुसतं चाला. दोन ओळींत अंतर किती, छाटणी कशी केलीय, तारा कशा ओढल्यात, हे ते स्वतःच मोजू लागतील. मोहरावर थंडीची रात्र आली की तिथले शेतकरी झाडांवर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या कवचाखाली फूल वाचतं. थंडीच्या लाटेत रात्री केळीला पाणी देणारा, बागेत धूर करणारा माणूस हे ऐकून गप्प बसणार नाही. नातवाला सोबत ठेवा आणि आजोबांना बोलू द्या. त्या दिवशी मोबाइल खिशात राहिला तरी चालेल.

सासूबाईंसाठी मात्र घरच बरं. आपल्याकडे याच दिवसांत गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, कुरडया होतात. त्यातलं बिबड्याचं तेवढं करा. ज्वारी भिजवून जाडसर दळायची, तीळ-जिरं-लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा. वाटीभर गरम घाटा आणि वर शेंगदाण्याचं कच्चं तेल! लहानपणी आम्ही बिबडे थापायला बसायचो ते या वाटीच्या ओढीनं. तिकडच्या उन्हाचा भरवसा नाही, म्हणून किलोभराचेच करा, ओल्या कापडावर मुलांना थापू द्या, वाकडे होऊ द्या. ऊन आलं नाही तर ओव्हन अगदी मंद ठेवून, दार थोडं उघडं ठेवून वाळवा.

आता पिशवीची गोष्ट. सासूबाई भरताच्या वांग्याचं बी पुरचुंडीत बांधून आणतील, मला खात्री आहे. आजच फोन करून नको म्हणा. डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात बाहेरून बी, रोपं आणि बहुतेक फळं आणायला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. विमानतळावर त्यांच्या हातून ती पुरचुंडी काढून घेतली तर त्यांच्या जिवाला फार लागेल. तिथलंच बी घ्या. मेथी-कोथिंबीर खिडकीतल्या कुंडीत लगेच होते. वांगी-मिरचीची रोपं मेच्या मध्यापर्यंत घरातच ठेवा, तोवर रात्री दहिवर गोठायची भीती असते. चव जळगावच्या वांग्याची येणार नाही, पण रोज सकाळी पाणी घालायला आजी आणि धाकटी दोघी उठतील.

समुद्र शेवटी ठेवला, कारण त्याबद्दल मला जास्त माया आहे. मी पहिला समुद्र बघितला तो नवव्या वर्षी. अमळनेरहून दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत गाडीनं सुरत, आणि तिथून डुमस. काळी वाळू, टोमॅटोची भजी आणि ओहोटीनं पार लांब गेलेलं पाणी. वडील म्हणाले होते, ही आपली तापीच आहे, मुलताईहून निघालेली, आपल्या गावांवरून गेलेली. सव्वासातशे किलोमीटर चालून ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. मी त्या पाण्यात पाय घालून उभी होते, ते अजून आठवतं. तुमच्या मुलांना हेच तुमच्याकडच्या समुद्रकिनाऱ्यावर, श्केवेनिंगनच्या वाळूत आजोबांकडून ऐकू द्या. तिथे फिरायला पक्का रस्ता आहे, आजीच्या गुडघ्यांना वाळूत चालायची सक्ती नको. एप्रिलमध्ये पाणी दहा अंशांच्या आसपास असतं, फक्त पाय भिजवायचे. किनाऱ्यावर ओढ असलेले प्रवाहही असतात, मुलांचा हात सोडू नका. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, ठेचा न्या.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकींचा सण, आणि तुम्ही माहेरी नसणार. सासूबाई घागर भरतीलच, त्यांना मातीचं भांडं आणि एक डांगर, म्हणजे खरबूज, आणून द्या. शेजारच्या बागेत मुलांसाठी झोका असेल, तुम्हीही बसा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं पुढे जातात, मग शिरपूर साडेतीन तास पुढे. माय रात्री नऊला गच्चीवर गाद्या घालते, तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच असतील आणि बाहेर चांगलं ऊन. झोक्यावरूनच तिला फोन लावा.