खानापूरच्या जंगलातलं बुरशीचं जाळं चित्रात कसं दाखवू?

रंगापेक्षा धागा घ्या. जमिनीखाली झाडांच्या मुळांशी जोडलेले बुरशीचे तंतू केसाहूनही बारीक, ब्रशने ते जमत नाही. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या मागावरचा उरलेला धागा उसवा. जाड कापडावर खानापूरची लाल माती गोंदात कालवून लेपा, वाळल्यावर त्यावर टाचा. मुळाशी दाट, पुढे विरळ.

बुरशीचं फळ म्हणजे अळंबी, तिचा ठसा तर हवाच! उमललेल्या छत्रीचा देठ कापा, अर्ध्या काळ्या-अर्ध्या पांढऱ्या कागदावर ती पालथी ठेवा, वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या बारीक कणांची, नक्षी उमटलेली असते. लगेच हेअरस्प्रे मारा, नाहीतर बोट लागलं की गेली.

पावसाळ्यात बाजारात येणारी वारुळातली अळंबी चालेल. तिची सोयरीक मात्र वाळवीशी, झाडाच्या मुळांशी नाही. चित्राखाली तसं लिहा. खानापूर तालुक्यातल्या भीमगडात काही तोडू नका, अभयारण्य आहे ते.