कॅमेरे आहेत, पण दिसत काहीच नाही

प्रश्न : आमच्या सोसायटीत १२ कॅमेरे आहेत. फाटकावर बारा तासांच्या पाळीत एकच रखवालदार असतो आणि वाहनतळातले काही दिवे बंद आहेत. गेल्या महिन्यात वाहनतळातून दुचाकी चोरीला गेली, तेव्हा रात्रीच्या चित्रणात पांढऱ्या धुरकट पडद्याखेरीज काहीच सापडले नाही. आणखी कॅमेरे बसवावेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : इतक्यात नकोत, आधी शिडी लावून आहे तो कॅमेरा जवळून पाहा. अंधारात कॅमेऱ्यातले अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) दिवे लागतात, आणि भिंगासमोर कोळ्याचे जाळे किंवा धूळ असली की तोच प्रकाश उलटून भिंगात शिरतो व चित्र पांढरे पडते. मऊ कापडाने हलकेच पुसून घ्या. फरक बहुधा त्याच रात्री कळेल.

डीव्हीआरचे, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे, घड्याळही तपासा. हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवे चढते, म्हणून घटना कळताच त्या वेळच्या चित्रणाची प्रत उतरवून ठेवावी. न्यायालयात ती प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम ६३नुसार प्रमाणपत्रही लागते.

मला मात्र तुमच्या रखवालदाराची अधिक काळजी वाटते. बारा-बारा तास एकट्याने फाटक सांभाळणाऱ्या माणसाला रात्री दोनला डुलकी लागणारच. नव्या कॅमेऱ्यांचे पैसे दुसऱ्या माणसाच्या पगारासाठी आणि वाहनतळातील बंद दिव्यांसाठी वापरावेत, असे मी आग्रहाने सुचवीन.