माळ आहे, मग बी-१२ कुठून आणायचं?

"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माळ आहे. आता या वयात अंडी खावी लागतील का हो, मॅडम?" रिपोर्ट पुढे सरकवत काकूंनी आधी हेच विचारलं. वय ५६, मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू. तळपायांना मुंग्या, रात्री जळजळ, अंधारात चालताना तोल जायचा. साखरेमुळेच असेल म्हणून घरच्यांनी सोडून दिलं होतं. तपासणीत बी-१२ हे जीवनसत्त्व फारच कमी निघालं, शेजारणीने अंडी सुचवली आणि काकूंची झोपच उडाली.

माळकरी आणि जैन घरांतून हा प्रश्न मला सतत येतो.

बी-१२ कुठलीच वनस्पती बनवत नाही, जिवाणू बनवतात. शाकाहाऱ्यांना ते दुधातून मिळतं. पालक, बीट, खजूर कितीही खाल्ले तरी ते मिळत नाही. रोज लागतं जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम, पण त्याची वाट लांबची. जठरातल्या आम्लाने ते अन्नातून सुटतं, तिथेच तयार होणाऱ्या एका प्रथिनाला चिकटून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जातं आणि मग शोषलं जातं. मेटफॉर्मिनमुळे हे शोषणच कमी होतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून तक्रार उशिरा सुरू होते. मज्जातंतूंवर वायरीच्या प्लास्टिकसारखं मायलिनचं आवरण असतं. बी-१२ नसेल तर ते झिजतं.

"दूध घेते की रोज!" काकू म्हणाल्या. खोदून विचारलं तर ते चहातलं दूध निघालं.

माळ काढायची काहीच गरज नव्हती. औषधातलं बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातूनच तयार होतं. फक्त काही कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, म्हणून गोळी मागायला सांगितलं. डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली, मग गोळी. मेटफॉर्मिन त्यांच्या सल्ल्याने चालूच राहिलं. जेवणात वाटीभर दही आणि रात्री कपभर दूध वाढवलं, पण एवढ्या मोठ्या तुटीला नुसता आहार पुरत नाही, हे स्पष्ट सांगितलं. आणि मनाने नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका, हेही बजावलं. त्याने बी-१२ अभावी कमी झालेलं रक्त सुधारतं, नसांचं नुकसान मात्र आतून चालूच राहतं.

काही महिन्यांनी तोल सावरला. जळजळ कमी झाली, पूर्ण गेली नाही; जुनं नुकसान कधीकधी थोडं उरतं. आता घरातले सगळेच तपासणी करणार आहेत. सून गरोदर आहे, बाळाच्या मेंदूच्या वाढीलाही बी-१२ लागतं, म्हणून तिची तपासणी सगळ्यांत आधी.