अंपायर असोसिएशन बदलायचीय, पण बाँड आडवा येतोय

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात राहतो, वय ३२. दूध संघात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी क्रिकेटचं अंपायरिंग. राज्य संघटनेची पॅनेल (मान्य अंपायरांची यादी) परीक्षा पास आहे. फी आणि क्लासचा खर्च माझाच. जिल्ह्यातल्या एका अंपायर असोसिएशनचा सहा वर्षं सभासद आहे. जून २०२३ मध्ये त्यांनी शंभराच्या स्टँपवर बाँड लिहून घेतला. तीन वर्षं दुसऱ्या कुणाच्या सामन्यांना उभं राहायचं नाही. असोसिएशन सोडली तर पुढची दोन वर्षं सांगली, सातारा, कोल्हापूर जिल्ह्यांत अंपायरिंग करायचं नाही. मोडलं तर एक लाख भरायचे. इकडे नोव्हेंबर २०२३ पासूनच्या २३ सामन्यांचं मानधन, दीड हजाराप्रमाणे ३४,५०० रुपये, थकलंय. परीक्षेचं मूळ प्रमाणपत्र सेक्रेटरींच्या कपाटात आहे. आता साताऱ्याची एक नवी असोसिएशन दिवसाला दोन हजार देते आणि ‘बोर्डाच्या परीक्षेला आम्ही पाठवू’ म्हणते. आमच्या अध्यक्षांनी ग्रुपवर टाकलंय, ‘जाईल त्याच्यावर कायमची बंदी.’ जाऊ का?

उत्तर : तुमचं निम्मं पत्र बाँडबद्दल आहे आणि बोर्डाच्या परीक्षेबद्दल एकच ओळ. मी ती ओळ आधी घेतो, कारण पुढची दहा वर्षं तिच्यावर अवलंबून आहेत. बाँडचं काय करायचं ते त्यामानानं सोपं आहे.

बोर्डाच्या, म्हणजे बीसीसीआयच्या, अंपायर परीक्षेला कुणी स्वतःहून फॉर्म भरून बसत नाही. नावं राज्य संघटनेकडून जातात. सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे गहुंज्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतात. म्हणजे साताऱ्याला गेलात तरी दार तेच आणि दारावरचा माणूसही तोच. ‘आम्ही पाठवू’ हे साताऱ्याच्या मंडळींच्या हातात नाही. फार तर ते शिफारस करू शकतील, तीसुद्धा राज्य संघटनेशी संलग्न असतील तर. शिवाय तुमचं राहणं सांगली जिल्ह्यात. दुसऱ्या जिल्ह्याच्या संस्थेची शिफारस तुमच्यासाठी चालते का, हे साताऱ्याच्या सेक्रेटरींना विचारून उपयोग नाही. राज्य संघटनेला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या.

आणि नाव गेलं म्हणजे झालं असंही नाही. २०२२ साली अहमदाबादला बोर्डाची परीक्षा झाली तेव्हा सुमारे १४० जण बसले होते. दोनशे मार्कांत कटऑफ नव्वद होता, पास झाले तिघं. लेखी पेपरसोबत तोंडी, व्हिडिओ आणि शारीरिक चाचणी होती. त्यामुळे तुम्हाला कोणती असोसिएशन जास्त सामने देते यापेक्षा कोणती असोसिएशन लेदर बॉलचे, दोन-तीन दिवसांचे, निरीक्षक येतात असे सामने देते ते बघा. टेनिस बॉलच्या वीस नाईट मॅचेसनी खिसा भरेल, पण तोंडी परीक्षेत त्या कामाला येणार नाहीत.

पैशाचंही तेच. तासगावहून सातारा शंभरेक किलोमीटर. जाऊन-येऊन दुचाकीत चार-साडेचार लिटर पेट्रोल जातं. वाढीव पाचशे रुपये त्यातच जिरतात. प्रवासखर्च वेगळा मिळणार का, हे पत्रावर येऊ द्या.

आणखी एक घोळ पत्रात दिसतोय तो मोकळा करतो. असोसिएशनचं सभासदत्व आणि राज्य संघटनेचं पॅनेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा पास होऊन तुम्ही पॅनेलवर आलात. असोसिएशन ही अंपायरांनी मिळून काढलेली संस्था. तिचा राजीनामा दिला म्हणून पॅनेलवरचं नाव आपोआप जात नाही. मात्र जिल्ह्यातल्या सामन्यांच्या नेमणुका त्याच संस्थेमार्फत होत असतील तर नाव पॅनेलवर राहील आणि रविवार रिकामे जातील. तुमच्या जिल्ह्यात नेमणुका नेमकं कोण करतं, जिल्हा संघटना की ही असोसिएशन, हे आधी कळलं पाहिजे.

आता दोन्ही संस्थांची कुंडली काढा. आपल्याकडे अशी संस्था साधारणपणे दोन ठिकाणी नोंदलेली असते, सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली. लेटरहेडवर ‘एफ’ने सुरू होणारा नंबर असेल तर तो दुसऱ्या कायद्याखालचा. तो नंबर घेऊन सांगली आणि सातारा इथल्या धर्मादाय आयुक्त कार्यालयांत अर्ज करा आणि शेड्युल वनचा उतारा (संस्थेच्या नोंदींचा) व संस्थेच्या घटनेची नक्कल मागा. सभासद नसलात तरी मागता येते. उताऱ्यावर आजच्या अध्यक्ष-सेक्रेटरींची नावं आहेत का बघा. कार्यकारिणी बदलली की याच दुसऱ्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. पुष्कळ संस्थांत दोन गट असतात, दोघांचेही चेंज रिपोर्ट पडून असतात, आणि उताऱ्यावर दहा वर्षांपूर्वीची नावं झळकत असतात. अशा संस्थेच्या सेक्रेटरीनं दिलेली एनओसी (ना हरकत पत्र) उद्या दुसरा गट ‘याला अधिकारच नव्हता’ म्हणून उडवून लावतो. नव्या संस्थेचा नोंदणी नंबरच नसेल, नुसता लोगो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल, तर तिथून मानधन बुडालं तेव्हा दावा कुणावर लावायचा हाच प्रश्न पडेल. संलग्नतेचं पत्रही चालू वर्षाचं मागा.

बाँडकडे येऊ. शंभराचा स्टँप होता की पाचशेचा, यानं करार मजबूत किंवा कच्चा होत नाही. (ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशे झालाय; तुमचा त्याआधीचा, म्हणून शंभर चालतो.) महत्त्वाचं हे की तुमच्या बाँडमध्ये दोन वेगळ्या बंद्या आहेत आणि कायदा त्यांना एकाच मापानं मोजत नाही.

सोडल्यानंतर दोन वर्षं तीन जिल्ह्यांत उभं राहायचं नाही, ही अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ खाली रद्दबातल आहे. कुणालाही वैध व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत चालत नाही. कलमात अपवाद दिलाय तो धंद्याचं गुडविल (नावलौकिक) विकल्याचा. क्रिकेटमधलंच उदाहरण आहे. झहीर खानचा परसेप्ट डी’मार्क या एजन्सीशी तीन वर्षांचा करार होता. करार संपल्यावर दुसऱ्याची ऑफर घेण्याआधी आम्हाला तीच संधी द्यावी लागेल, अशी अट त्यात होती. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती मानली नाही. करार संपल्यानंतर लागू होणारं बंधन कलम २७ मुळे टिकत नाही, असं म्हटलं. तुमच्यावरचं बंधन तर त्याहून कडक आहे.

पहिली अट मात्र हलक्यात घेऊ नका. करार चालू असताना दुसरीकडे काम करायचं नाही, अशी अट न्यायालयं सहसा मान्य करतात. कल्याणच्या एका कारखान्यातल्या गोलिकरी नावाच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं मुदतीपुरतं बंधन कायम ठेवलं होतं. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अटही टिकली; बँकेला भरतीसाठी मोठा खर्च येतो हे तिथं पटलं. तुमच्या बाबतीत परीक्षेची फी तुम्ही भरली, क्लास तुमच्या खर्चानं, उलट मानधन त्यांनी थकवलंय. तेव्हा त्यांचा खर्च किती झाला, हे त्यांनाच दाखवावं लागेल. करार कायद्याच्या कलम ७४ खाली करारात लिहिलेले एक लाख ही कमाल मर्यादा आहे, तेवढे मिळतीलच असं नाही. न्यायालय वाजवी भरपाई देतं. त्यांनी शर्ट-जॅकेट दिलं असेल तर ते परत करून पोच घ्या, म्हणजे नुकसानीच्या यादीत फारसं काही उरत नाही. बाँडची नक्कल नसेल तर ती मागा आणि बघा त्यावर असोसिएशनतर्फे कुणाची सही आहे का, आणि बदल्यात तुम्हाला काय द्यायचं कबूल केलं होतं. काहीच नसेल तर मोबदल्याशिवायचा करार म्हणून कलम २५ चा मुद्दाही तुमच्या बाजूला येतो.

म्हणून माझा सल्ला : जून २०२६ पर्यंत थांबा. बाँडची तीन वर्षं तेव्हा पुरी होतात. पावसाळ्यात आपल्या भागात मैदानं तशीही बंद असतात, खरा हंगाम दिवाळीनंतरच. एप्रिल-मेमध्ये उडी मारली तर दोन महिन्यांच्या सामन्यांसाठी तुम्ही त्यांच्या हातात त्यांची एकमेव चालणारी अट देता. जूननंतर राजीनामा दिलात तर त्यांच्याकडे रागाशिवाय काही राहत नाही.

राजीनामा देताना घटनेतली पद्धत पाळा, वर्गणी बाकी असेल तर आधी भरा. चार ओळी पुरेत : अमुक तारखेपासून राजीनामा, बाँडची मुदत अमुक तारखेला संपली, मानधनाचा हिशेब सोबत, मूळ प्रमाणपत्र आणि ना हरकत पत्र १५ दिवसांत द्यावं. कुणी कसं वागवलं ते त्यात लिहू नका. राज्य संघटनेपर्यंत पत्र गेलं तर तेच वाचलं जातं. स्पीड पोस्टानं पोच घेऊन पाठवा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालंय. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर पत्राची नक्कल, पोच आणि स्वतःचं प्रतिज्ञापत्र एनओसीच्या जागी जोडा. एनओसी लागतेच असं कोणताही कायदा म्हणत नाही, संस्थांचे नियम म्हणतात. त्यामुळे राज्य संघटनेच्या नियमात ती आहे का हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. आणि साताऱ्याचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका, नाहीतर तेलही गेलं, तूपही गेलं.

प्रमाणपत्र अडवून ठेवायचा त्यांना अधिकार नाही. हिशेब फिटेपर्यंत दुसऱ्याची वस्तू ठेवून घेण्याचा सर्वसाधारण हक्क करार कायद्याच्या कलम १७१ नं बँका, आढत्ये, धक्क्याचे मालक, हायकोर्टातले वकील आणि विमा दलाल एवढ्यांनाच दिलाय. तसा लेखी करार केला असेल तरच गोष्ट वेगळी. इथं तर देणं त्यांच्याकडेच आहे.

‘कायमची बंदी’ ही ग्रुपवरची भाषा. स्वतःच्या सभासदाला ते नोटीस देऊन, बाजू ऐकून, घटनेप्रमाणे काढू शकतात. गेलेल्या माणसावर दुसऱ्यांच्या सामन्यांत बंदी घालणं त्यांच्या हातात नाही. त्यांनी राज्य संघटनेकडे तुमच्याविरुद्ध तक्रार केली तर तिची प्रत मागा आणि मुद्देसूद उत्तर द्या. राज्य संघटनेनं न ऐकताच पॅनेलवरून काढलं तरच रिटचा (हायकोर्टात दाद मागण्याचा) विचार. बीसीसीआयविरुद्ध राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१५ च्या निकालांपासून पक्कं आहे. राज्य संघटनेबाबत त्याच धर्तीवर मांडणी करावी लागेल. सांगली-साताऱ्याच्या पक्षकारांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतंय. तरीही ही शेवटची पायरी.

राहिले ३४,५०० रुपये, आणि त्याला जूनची वाट बघायची नाही. प्रत्येक सामना वेगळा लिहा : तारीख, मैदान, संघ, सोबतचा अंपायर, स्कोअरर. पुरावा म्हणून नेमणुकीचा मेसेज, सहीच्या स्कोअरशीटचा फोटो, आणि सामना क्रिकहीरोज या स्कोअरिंग अ‍ॅपवर टाकला असेल तर तिथं अंपायर म्हणून तुमचं नाव दिसतं ते पान. फॉर्म २६एएस आणि एआयएस (आयकर खात्याकडच्या तुमच्या नावावरच्या नोंदी) हेही उघडून बघा. अंपायर आणि रेफरी यांचं मानधन २००८ च्या अधिसूचनेनं आयकराच्या कलम १९४-जे खाली व्यावसायिक फी धरलं गेलं. तुमच्या नावावर टीडीएस कापल्याची नोंद आणि खात्यात पैसे नाहीत, असं निघालं तर हिशेबात तुम्हाला पैसे देणं असल्याचं त्यांनीच मान्य केल्यासारखं होतं.

आधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा लावण्याआधीचा) अर्ज करा. कोर्ट फी लागत नाही, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याची ताकद असते. तिथं नाही जमलं तर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा. तो स्वतःच्या येण्यासाठी असल्यानं धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागत नाही.

केलेल्या कामाच्या पैशाला मुदत तीन वर्षांची, आणि ती प्रत्येक सामन्याच्या दिवसापासून वेगवेगळी चालते. नोव्हेंबर २०२३ चे सामने नोव्हेंबर २०२६ मध्ये मुदतबाह्य होतील. नुसत्या नोटिशीनं मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी देणेकऱ्यानं लेखी कबुली दिली तर त्या दिवसापासून नव्यानं मोजली जाते. सेक्रेटरींनी कधी ‘स्पॉन्सरचे पैसे आले की बाकी देतो’ असा मेसेज टाकला असेल तर तो कबुली म्हणून मांडता येईल. त्या ग्रुपमधून रागानं बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा आणि तो फोन विकू नका. न्यायालयात चॅट दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि ते त्या उपकरणाचंच असतं.