कान कुठे घडला, ते आधी विचार

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

उपासनेच्या गीतांची जबाबदारी तुझ्याकडे आली, याचा मला फार आनंद झाला. दुसऱ्याच महिन्यात काही वडीलधारी मंडळी पाळकसाहेबांकडे तक्रार घेऊन गेली, हे वाचून वाईटही वाटलं. ‘त्यांना नवीन काही आवडतच नाही’ असं तू लिहिलंयस. एवढ्या लवकर असा निकाल देऊ नकोस.

माझंच सांगतो. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलो. सकाळ-संध्याकाळ पायपेटी वाजायची, आम्ही पोरं चार आवाजांत गायचो आणि माझ्या वाट्याला कायम खालचा आवाज. इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीतं माझ्या अंगात इतकी मुरली, की त्यांत कुठे ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, कुठे दीर्घ अक्षर घाईत उरकलं जातं, हे मला कधी जाणवलंच नाही. लग्नानंतर बायकोनं ते दाखवलं. ती नेवाशाकडच्या खेड्यातली, भजनात वाढलेली. एकदा माझ्या आवडीचं गीत ऐकून म्हणाली, “चाल गोड आहे हो, पण शब्द लंगडतात.” मी दुखावलो. मग पुस्तक उघडून ओळ नुसती म्हणून पाहिली, आणि तिचं बरोबर होतं. तरी आजही तेच गीत लागलं की माझा गळा दाटून येतो. शब्द लंगडतात हे कळलं म्हणून कान बदलत नाही.

आपल्या नगरला तर ही गोष्ट फार जुनी आहे. 1831 साली अमेरिकन मराठी मिशन इथे आलं, तेव्हा आपली गीतं सोबत घेऊन आलं. इथल्या माणसांचे कान मात्र अभंग-ओवीवर पोसलेले. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं उभी केली ती याच माणसांसाठी. पुढे 1895 मध्ये कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ते तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलेले. त्यांची पदं म्हणताना आपल्याला परकं काही गातोय असं वाटत नाही, कारण ती इथल्याच कानानं रचली आहेत. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 मध्ये फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या! गोव्यात त्या चर्चमध्ये गायल्या जात. जन्मानं इंग्रज असलेल्या माणसानं ओवी निवडली, याचा मी अनेकदा विचार करतो. त्यानं समोरच्या माणसाचा कान आधी ओळखला.

आणि वसईकडच्या कॅथलिक घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचार. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात, मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, मराठीत आली. समजू लागली. तरी लहानपणी कानावर पडलेलं लॅटिन गायन ऐकलं की डोळे पुसणारी माणसं तिथे भेटतात. अर्थ विचारलास तर सांगता येणार नाही.

आता माझी एक चूक सांगतो, ती तुझ्या हातून होऊ नये म्हणून. सव्वीस वर्षांचा असताना एका चर्चच्या मंडळीत नाताळच्या गीतांची जबाबदारी माझ्याकडे होती. मी भजन काढून टाकलं आणि सगळा वेळ कॉयरला दिला. कॉयर सुरेख गायलं, शाबासकीही मिळाली. तिसऱ्या बाकावर एक आजोबा मांडीवर कापडी पिशवी घेऊन शेवटपर्यंत गप्प बसले होते. उपासना संपल्यावर ते उठले तेव्हा पिशवीतून किणकिण झाली. आत झांज होती. दरवर्षी ते ती घेऊन यायचे, हे मला ठाऊकच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही नाही. ती किणकिण अजून माझ्या कानात आहे.

तुझी गीतं बंद कर असं मी म्हणत नाही. तुझाही कान तरुण संघाच्या शिबिरांत, गिटारवर, हिंदी गीतांवर घडलाय. तिथेच तू पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केलीस, आणि तेही तितकंच खरं आहे. फक्त तुझ्या गळ्याला सोयीची पट्टी सगळ्या मंडळीला सोयीची असेल असं धरून चालू नकोस. निम्म्या तक्रारी तिथेच सुरू होतात. वरचा सूर लागत नाही, माणूस ओठ मिटतो, आणि घरी जाऊन म्हणतो की गाणं वाईट होतं. पट्टी उतरव. टिळकांचं पद घेशील तेव्हा ड्रम थांबव, पेटी-तबला आणि टाळ एवढंच राहू दे.

तक्रार घेऊन गेलेल्यांत त्या निळ्या लुगड्यातल्या आजी होत्या, असं तू लिहिलंस. येत्या रविवारी त्यांच्या शेजारी बस. त्या पुस्तक उघडत नाहीत, मी पाहिलंय. बोटं मात्र बाकाच्या कडेवर ठेका धरतात. त्यांना विचार, हे पद पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं. काय सांगतात ते मला कळव.

तुझा,
काका